ई-लिलावातील सदनिका : बोलीनंतरचा खर्च

कर्जाची फेड थकल्यामुळे बँकांनी ताब्यात घेतलेली घरे २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार विकली जातात, व ही विक्री आता बहुधा ई-लिलावाने होते. सरकारी बँकांच्या अशा मालमत्तांची माहिती ‘बँकनेट’ या संकेतस्थळावर एकत्र पाहावयास मिळते. घरबसल्या बोली लावता येते, ही सोय मोठीच आहे. मात्र केवळ राखीव किंमत पाहून पैशांची जुळवाजुळव करणारा खरेदीदार पुढे अडचणीत येतो.

समजा, मुंबईतील एका सदनिकेची राखीव किंमत ४० लाख रुपये आहे. बोली लावण्यापूर्वी बयाणा रक्कम भरावी लागते. ती साधारणतः राखीव किमतीच्या १० टक्के, म्हणजे येथे ४ लाख रुपये असते. बोली ५२ लाखांवर स्थिरावली, तर त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या पुढील दिवशी बयाण्यासह २५ टक्के, म्हणजे १३ लाख रुपये पुरे करावे लागतात. उरलेले ३९ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत द्यावयाचे असतात. बँकेने लेखी मान्यता दिल्यास ही मुदत वाढते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. मुदत चुकली की भरलेली रक्कम जप्त होते. अशाच एका प्रकरणात बँकेने ती मालमत्ता पुढे अधिक किमतीस विकली होती. तरीही २५ टक्के रकमेची जप्ती सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये योग्य ठरविली. गृहकर्जाची मंजुरी पंधरवड्यात हाती येईल, अशा भरवशावर बोली लावणे म्हणूनच धोक्याचे आहे.

रक्कम एनईएफटी अथवा आरटीजीएसने, विक्रीच्या नोटिशीत छापलेल्या खात्यातच भरावी. मध्यस्थाने दूरध्वनीवरून सांगितलेल्या खात्यात एक रुपयाही भरू नये. ५० लाख वा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात १ टक्का आयकर कापून शासनाकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. येथे ती रक्कम ५२ हजार होते. ती किमतीतूनच वजा होत असल्याने हा वाढीव खर्च नव्हे, परंतु त्याची पूर्तता विसरली जाते.

खरा वाढीव खर्च विक्री प्रमाणपत्रापासून सुरू होतो. मुंबईत ६ टक्के दराने बोलीच्या रकमेवर मुद्रांक शुल्क ३ लाख १२ हजार रुपये होते; प्रमाणपत्राची नोंदणी केल्यास आणखी ३० हजार. त्याहून अवघड भाग थकबाकीचा. ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर विक्री होत असल्याने मालमत्ता कर, सोसायटीची देखभाल वर्गणी व वीजबिल यांचा जुना बोजा खरेदीदारावर येऊ शकतो. विजेची थकबाकी पुरवठ्याच्या नियमांत तरतूद असल्यास लिलावातील खरेदीदाराकडून मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये स्पष्ट केले. बँकेच्या नोटिशीत हे आकडे अनेकदा ‘माहीत नाही’ एवढ्यावरच आटोपलेले असतात. सोसायटीच्या कार्यालयात, महापालिकेच्या करविभागात व वीज कंपनीकडे स्वतः चौकशी करण्यास एखादा दिवस पुरतो, आणि तो बोलीपूर्वीच काढावा लागतो.

नोटिशीत ‘सांकेतिक ताबा’ असे शब्द असतील, तर घरात अद्याप कोणीतरी राहत असण्याचा संभव असतो. दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून बँकेने प्रत्यक्ष ताबा मिळविण्यास कित्येक महिने लागू शकतात. तोवर नव्या कर्जाचे हप्ते आणि सध्याच्या घराचे भाडे, दोन्ही त्याच मिळकतीतून भागवावे लागतात.