पानं मोजून डोस ठरत नाही

खोकल्याच्या दिवसांत दवाखान्यात एक वाक्य हमखास कानावर येतं : “मोजून सात पानं घालते हो डॉक्टर, एकही जास्त नाही.” पानं अडुळशाची असोत नाहीतर तुळशीची, मोजली की डोस ठरला, अशी पक्की समजूत. ती चुकीची आहे.

गोळीवर मिलिग्रॅम छापलेले असतात, पानावर नसतात. तुळशीचं सुगंधी तेल पानावरच्या बारीक ग्रंथींत असतं. कोवळ्या पानावर त्या दाट असतात, पान वाढलं की विरळ होतात. झाड मंजिऱ्यांवर येतं तेव्हा तेल भरपूर असतं, पुढे उतरतं. गवती चहाचंही तसंच. लावल्यावर तीनेक महिन्यांनी पहिली कापणी होते; कापायची राहून गेलेली जून पात चुरगळून पाहा, वास मंदच येईल. त्यात हे तेल उडून जाणारं. कडक उन्हात वाळवलेल्या पानांत ते फारसं उरत नाही. काढा आटवताना घरभर घमघमाट सुटतो, तेव्हा तेल हवेत गेलेलं असतं. पानं सावलीत वाळवा, गवती चहा उकळत्या पाण्यात घालून झाकण ठेवा.

अडुळशातल्या वासिसिनचं प्रमाणही ऋतूप्रमाणे आणि पानाच्या वयाप्रमाणे बदलतं. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन हे औषध याच वासिसिनवरून तयार झालं. म्हणजे अडुळशात दम आहे, आणि म्हणूनच “झाडपाल्याने काय अपाय होणार?” हे मला ऐकवत नाही. वासिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावू शकतं. गरोदर लेकी-सुनांना अडुळशाचा काढा अजिबात देऊ नका.

एक आजी महिनाभर हा काढा घेत होत्या. सुरुवातीला आराम वाटला, मग वाटेना. “पानं जून झाली असतील, दुप्पट घाला,” शेजारणीचा सल्ला. सातची चौदा झाली. तपासायला आल्या तेव्हा ब्लाउज खांद्यावरून उतरत होता आणि रोज संध्याकाळी अंगात कसर असायची. थुंकी तपासली, क्षयरोग निघाला. सरकारी दवाखान्यातल्या मोफत औषधांनी सहा महिन्यांत त्या बऱ्या झाल्या. पानं जून असतीलही. खोकला त्याहून जुना होता, तो कुणी मोजला नाही.

दोन आठवड्यांवर खोकला, थुंकीत रक्त, धाप, छातीत दुखणं, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, यातलं काहीही दिसलं तर पातेलं खाली उतरवा आणि दवाखाना गाठा. रोज काढा पिणाऱ्याचे डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना गेली, तर काढा त्याच दिवशी बंद. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. मधुमेहाची किंवा रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर रोजच्या काढ्याबद्दल डॉक्टरांना आधी सांगा. मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या वैद्यबुवांना तुमचे रिपोर्ट माहीत नसतात.

घाबरून कुंडीतली तुळस उपटू नका. सर्दीत कपभर गवती चहा घशाला बरा वाटतो, त्यात कॅफीनही नसतं. ग्रीन टीत मात्र असतं, आणि कोवळ्या पानांत जास्तच; झोप न येणाऱ्यांनी तो रात्री टाळावा. चवीसाठी, उबेसाठी हवा तो चहा प्या. फक्त त्याच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी बंद करू नका.