चारा केव्हा कापावा?

गेल्या श्रावणात नववीच्या वर्गातील एक विद्यार्थी तीन दिवस शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी आला तो मलूल चेहऱ्याने. उज्जैनपासून काही कोसांवर त्यांची शेती आहे. तेथील दुभती गाय अकस्मात दगावली होती. पावसाने तीन आठवडे ओढ दिली होती, ज्वारीचे पीक जेमतेम गुडघ्याएवढे होऊन खुरटले होते, आणि दावे तोडून गाय त्या पिकात शिरली. घटकाभरात ती धापा टाकू लागली, थरथरू लागली, खाली कोसळली. पशुवैद्य पोहोचण्यापूर्वीच सारे संपले. मुलाने मला विचारले, "बाई, आजोबांच्या वेळी आमची सगळी गुरे ज्वारीवरच पोसली जात. मग तीच ज्वारी आमच्या गाईला कशी बाधली?"

मी कलाशाखेची पदवीधर. इतिहास आणि मराठी हे माझे विषय. ह्या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते, तसे मी त्याला सांगून टाकले. पुढे दिवाळीच्या सुट्टीत कृषिविद्यापीठांच्या चारापिकांवरील पुस्तिका मिळवून वाचल्या. त्या वाचनातून जे हाती आले, ते विद्यार्थी मित्रांपुढे आणि त्यांच्या घरच्या मंडळींपुढे ठेवीत आहे.

कृषिविद्यापीठ म्हटले की गहू, कापूस, ऊस ह्यांचे संशोधन आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु तेथे केवळ जनावरांच्या घासाचा विचार करणारेही विद्वान असतात. झाशी येथे इ.स. १९६२ मध्ये गवत आणि चारा ह्या विषयांसाठी स्वतंत्र भारतीय संशोधनसंस्था स्थापन झाली. १९७० पासून चारापिकांचे अखिल भारतीय समन्वित संशोधन सुरू झाले. आपल्या मध्यप्रदेशात जबलपूरचे विद्यापीठ (१९६४) आणि महाराष्ट्रात राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ (१९६८) ह्यांनी ह्या कामात मोठा वाटा उचलला आहे. 'रुचिरा' ही चाऱ्याची ज्वारी, 'फुले जयवंत' हे बाजरी आणि हत्तीगवत ह्यांच्या संकराच्या जातीचे गवत, 'आर. एल.-८८' हा लसूणघास, ही राहुरीची देणगी होय.

येथे थोडे विषयांतर करते. माझी मातृभाषा कोंकणी. आमच्या बोलीत गुरे जे खातात ते 'तण'. मराठीत मात्र तण म्हणजे पिकाचा वैरी. उज्जैनला आल्यावर पहिल्याच वर्षी वर्गात मी "गाय तण खाते" असे बोलून गेले आणि मुले खो खो हसली. चाऱ्याच्या अभ्यासकांची पुस्तके वाचल्यावर मला वाटू लागले की ते माझ्या बाजूने उभे राहतील. पिकाच्या दृष्टीने जे उपटून टाकावयाचे, त्यांतील कितीतरी गाईच्या दृष्टीने उत्तम अन्न असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्वारीच्या कोवळ्या रोपात धुरिन नावाचा एक पदार्थ असतो. इ.स. १९०२ मध्ये डन्स्टन व हेन्री ह्या दोघा इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी तो शोधून काढला, आणि ज्वारीच्या 'धुरा' ह्या अरबी नावावरून त्याचे नामकरण झाले. धुरिन स्वतः निरुपद्रवीच म्हणावयाचे. ते पानाच्या बाहेरील थरातील पेशींत साठलेले असते, आणि त्याचे विघटन करणारे विकर आतील थरात असते. दोहोंची गाठ पडत नाही तोवर काहीच घडत नाही. परंतु जनावराने पान चावले की मधली भिंत मोडते, दोन्ही रस एकत्र येतात आणि त्यांतून हायड्रोसायनिक आम्ल हे भयंकर विष उत्पन्न होते. गाईच्या पोटातील पहिल्या मोठ्या कप्प्यात, कोठीपोटात, असंख्य सूक्ष्म जीव असतात. तेही ह्या विघटनाला हातभार लावतात. म्हणून रवंथ करणाऱ्या जनावरांना हे विष अधिक बाधते. त्याची क्रिया विलक्षण आहे. जनावर श्वास घेत असते, रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण शरीरातील पेशींना तो वापरताच येत नाही. रक्त लालभडक आणि जीव मात्र गुदमरलेला, अशी ही अवस्था. शेतकरी ह्याला 'किरळ लागणे' म्हणतात. पशुवैद्य वेळेवर आला तर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देऊन जनावर वाचविता येते. पण वेळ फार थोडा असतो.

रोप जितके कोवळे, तितके धुरिन अधिक. पावसाने ताण दिला, वाढ खुंटली, की ते आणखी वाढते. कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना पुन्हा फुटलेले हिरवेगार पोंगे दिसावयास मोहक, पण तेही तितकेच घातक. नत्रखताचा मारा केला तरी हेच घडते. उलट पीक फुलोऱ्यावर येईतो त्याचे प्रमाण खूप उतरते, आणि नीट उन्हात वाळविलेल्या कडब्यात तर नाममात्र उरते. आजोबांची गुरे कणसे खुडून झाल्यावर वाळलेला कडबा खात होती. नातवाची गाय तहानलेल्या कोवळ्या पिकात शिरली. पीक एकच, वेळ निराळी.

हे विष ओळखण्याची एक सोपी रीत प्रयोगशाळेत आहे. ठेचलेली पाने काचनळीत घालून वर सोडियम पिक्रेटात बुडविलेली पिवळी कागदाची पट्टी टांगतात व नळी बंद करतात. विष असल्यास पिवळी पट्टी विटकरी होते. ज्या वाणांत मुळातच धुरिन कमी, असे वाण निवडून वाढविणे हा ह्या तज्ज्ञांच्या कामाचा मोठा भाग आहे.

मग पीक पुरते पिकू द्यावे आणि निश्चिंत व्हावे, असे कोणी म्हणेल. पण तेथेही अडचण आहे. ताट जसजसे जून होते तसतसे त्यात लाकडासारखे कठीण द्रव्य वाढते आणि प्रथिने उतरतात. हे मोजण्याची त्यांची पद्धत मला फार आवडली. काही दिवस गोठ्यात बांधलेल्या जनावराला घातलेला प्रत्येक भारा तोलतात, त्याने टाकलेले उष्टे तोलतात, आणि शेणही गोळा करून तोलतात. खाल्ले त्यातून बाहेर पडले ते वजा केले, म्हणजे खरोखर अंगी किती लागले ते कळते. विद्यापीठातील पदवीधर सकाळी उठून शेण तोलत बसतो, ह्याचे कोणाला हसू येईल. पण पोट भरणे आणि अंगी लागणे ह्यांतील अंतर दुसऱ्या कोणत्या रीतीने कळणार? गव्हाच्या भुशात प्रथिने शेकडा तीनच्या आसपास असतात, आणि कोठीपोटातील सूक्ष्म जीवांना आपले काम चालू ठेवण्यास आहारात शेकडा सात तरी हवी असतात. नुसत्या भुशावरची गाय पोट तुडुंब असूनही उपाशीच असते. विष उतरलेले, प्रथिने अजून शिल्लक, आणि उत्पन्नही भरपूर, अशी वेळ एकच. निम्मे पीक फुलोऱ्यावर आलेले असते तेव्हाची. ज्वारीचा हिरवा चारा तेव्हा कापावा.

बरसीम, लसूणघास ह्यांत प्रथिने विपुल, पण दवाने भिजलेला कोवळा घास उपाशी गाईने पोटभर खाल्ला तर पोट फुगून ती मरू शकते. अमावास्येला पुण्यासाठी गाईपुढे हिरवे भारे टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. सोबत थोडा सुका चारा असला म्हणजे झाले.

राहून राहून मला वाटते ते असे की, हे ज्ञान आपल्या माळव्यात नवीन नव्हते. जेथे घरोघर ज्वारी पेरली जाई, तेथे कोवळ्या पिकाच्या बांधावर गाय बांधू नये हे पोराटोरांनाही ठाऊक असे. १९७० नंतर सोयाबीन आले, पैसा आला, ज्वारी मागे हटली. कडबा गेला आणि त्याबरोबर ती सावधगिरीही गेली. माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी कित्येक वर्षांनी प्रथमच चाऱ्यासाठी अर्धा बिघा ज्वारी पेरली होती. आजोबांनी सांगितले असते, पण त्यांना कोणी विचारले नाही, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शेतात काय चालले आहे ते दिसत नव्हते.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि दुसरा प्रश्न काढला : फुलोऱ्यावरचा चारा कुटून खड्ड्यात दाबून ठेवतात, त्याला मुरघास म्हणतात, तो महिनोन्‌महिने कुजत कसा नाही? मी त्याला विज्ञानाच्या सरांकडे पाठविले आहे.