फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्याला बाहेरचा मदतनीस



फॅमिली डॉक्टर निवडताना आपण काय पाहतो? आपला विमा चालतो का, दवाखाना जवळ आहे का, अपॉइंटमेंट लवकर मिळते का. हे योग्यच आहे. पण एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. रक्तदाबाच्या आपल्या सगळ्या रुग्णांपैकी किती जणांचा दाब आटोक्यात आहे, हे त्या दवाखान्याला माहीत आहे का?

डॉक्टरांकडे ज्ञान असते, वेळ नसतो. समोर आलेला रुग्ण तपासण्यातच दिवस संपतो. जो आलाच नाही, त्याच्याकडे पाहणार कोण? यासाठी अमेरिकेत 'प्रॅक्टिस फॅसिलिटेटर' नेमण्याची पद्धत आहे. ही कल्पना मूळची इंग्लंडमधली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्ड भागात, हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्याच्या प्रकल्पात ती प्रथम वापरली गेली. हा मदतनीस रुग्ण तपासत नाही आणि तो इन्स्पेक्टरही नसतो. काही महिने तो दवाखान्यात येऊन-जाऊन कामाची घडी बसवायला मदत करतो.

तो काम कसे करतो?

पहिली पायरी मोजणीची. समजा, रक्तदाबाच्या ४०० रुग्णांपैकी २४० जणांचा दाब आटोक्यात आहे, म्हणजे ६० टक्के.

दुसरी पायरी कारण शोधण्याची. उरलेल्या १६० जणांपैकी काही वर्षभर फिरकलेलेच नसतात. काहींचा दाब धावतपळत आल्या आल्या मोजलेला असतो. काहींचा डॉक्टरांनी पुन्हा मोजलेला, बरा आलेला आकडा कॉम्प्युटरमध्ये ठरलेल्या रकान्याऐवजी टिपणात लिहिलेला असतो, त्यामुळे रिपोर्टमध्ये तो मोजलाच जात नाही. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, त्यामुळे ही गोष्ट मला चांगलीच ओळखीची वाटते. रोज तीच सिस्टिम वापरणाऱ्याला तिच्यातली चूक दिसत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिसरी पायरी छोट्या प्रयोगाची. एकाच नर्सने आठवडाभर प्रत्येक रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवून मगच दाब मोजायचा. जास्त आला, तर पुन्हा मोजून योग्य रकान्यात लिहायचा. जमले, तर सगळ्यांनी तसे करायचे. मग पुन्हा मोजणी.

याचा उपयोग होतो का?

२०१२ साली २३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. मदतनीस असलेले दवाखाने शास्त्रीय मार्गदर्शक सूचना अमलात आणण्याची शक्यता सुमारे पावणेतीन पट दिसली. २०१५ मध्ये अमेरिकन सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेने 'एव्हिडन्सनाऊ' उपक्रम सुरू केला. सात प्रादेशिक गटांमार्फत सुमारे १,५०० छोट्या-मध्यम दवाखान्यांना अशी मदत मिळाली. भर चार गोष्टींवर होता: गरजूंना अ‍ॅस्पिरिन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान सोडवणे. सुधारणा झाली, पण ती माफकच. कर्मचारी बदलले किंवा कॉम्प्युटर सिस्टिम बदलली की घडी पुन्हा विस्कटते.

आपला काय संबंध?

आपल्या लोकांत हृदयविकार आणि मधुमेह तुलनेने लवकर आणि जास्त प्रमाणात दिसतात. २०१८ च्या अमेरिकन कोलेस्टेरॉल मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदवला आहे. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, त्यामुळे पाठपुरावा चुकला तरी आपल्याला कळत नाही. म्हणून पुढच्या भेटीत एवढे करा:

१. दाब जास्त आला, तर थोडे बसून पुन्हा मोजायला सांगा आणि तो आकडा नोंदवला का, ते विचारा.
२. तपासणी चुकली तर दवाखाना आपणहून कळवतो का, हे विचारून घ्या.
३. आपण दक्षिण आशियाई आहोत आणि घरात कुणाला हृदयविकार होता, हे फाइलमध्ये लिहायला लावा.
४. २०१० च्या आरोग्य कायद्यामुळे बहुतेक विमा योजनांत रक्तदाब-कोलेस्टेरॉलसारख्या ठरावीक प्रतिबंधक तपासण्यांना नेटवर्कमधल्या डॉक्टरांकडे को-पे लागत नाही. त्याच भेटीत जुन्या दुखण्यावर उपचार झाले, तर मात्र वेगळे बिल येऊ शकते. आधीच चौकशी करा.

दवाखान्याने सुधारण्यासाठी बाहेरची मदत घेतली असेल, तर तो कमीपणा समजू नका. असा दवाखाना आपली चूक स्वतः शोधतो आहे. तिथे आपले आई-वडील निर्धास्तपणे पाठवावेत, असे मला वाटते.