उन्हात न विटणारे सनकॅचर

प्रश्न : खिडकीत टांगायचे सनकॅचर मुलांसोबत घरीच केले. रेझिन नको म्हणून दाबून सुकवलेली पाने-फुले वापरली, पण महिनाभरात सगळे तपकिरी पडले. काय चुकले?

उत्तर : चूक तुमची नाही, उन्हाची आहे. पानांतले हरितद्रव्य आणि गोकर्ण, जास्वंदीतले अँथोसायनिन प्रकाशात विघटन पावतात. म्हणून रंग फुलांकडून मागूच नका, काचेकडून घ्या. काचेत तो धातूंच्या ऑक्साइडचा असतो, कोबाल्टचा निळा उन्हाने विटत नाही. घरात पडलेल्या काचेच्या बांगड्या सुती दोऱ्याने एकमेकींना बांधून वाळक्या फांदीला लटकवा. गोंद लागतच नाही. फुटक्या बांगड्या मुलांच्या हाती देऊ नका.

पानच हवे असेल तर पिंपळाचे घ्या. काही आठवडे पाण्यात कुजवायचे, पाणी मधूनमधून बदलायचे, मग मऊ ब्रशने गर काढायचा. वास येतो, गॅलरीत ठेवा. उरलेल्या जाळीत उडायला हिरवा रंगच नसतो, म्हणून ती टिकते.

रंगासाठी बाजारातला पारदर्शक ‘जिलेटिन कागद’ लावणार असाल, तर तो मात्र पारखून घ्या. खरा सेलोफेन लाकडाच्या लगद्याचा असतो आणि कागदासारखा जळतो. प्लास्टिक वितळून आकसते. तुकडा मोठ्यांनीच जाळून पाहावा.

भिंतीवर इंद्रधनुष्य हवे? जुन्या झुंबराचा पैलूदार लोलक टांगा. हिवाळ्यात दक्षिणेची खिडकी उत्तम, उन्हाळ्यात पूर्वेची किंवा पश्चिमेची. गुळगुळीत काचगोळा मात्र पडद्याजवळ कधीही टांगू नका. तो भिंगासारखे ऊन एकवटतो आणि कापड पेटू शकते.