माँटिसेलोची बाग

प्रस्तावना
ऐतिहासिक वास्तू पाहताना आपले लक्ष भिंती, खांब आणि नक्षीकाम यांवर खिळते. वास्तूभोवतीची बाग आपण केवळ शोभा म्हणून पाहतो. परंतु बाग हेही इतिहासाचे साधन आहे. तिचे जतन कसे करतात आणि तिचा अर्थ कसा उलगडतात, हे या पाठात आपण एका उदाहरणातून समजून घेऊ.

मूळ पाठ
दगडी भिंत शतकानुशतके टिकते. झाड मात्र वाढते, वठते आणि मरते. म्हणून बागेचे जतन म्हणजे आहे ते तसेच राखणे नव्हे, तर नव्याने लागवड करीत मूळ रचना जिवंत ठेवणे होय. त्यासाठी पुरावा लागतो.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात एका टेकडीवर माँटिसेलो हे थॉमस जेफरसन यांचे निवासस्थान आहे. ते अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष होते. त्यांना बागकामाची विलक्षण आवड होती. १७६६ ते १८२४ या काळात त्यांनी बागेची नोंदवही ठेवली. १८२६ मध्ये ते निधन पावले, तेव्हा त्यांच्यावर मोठे कर्ज होते. पुढे घर विकले गेले आणि बाग नामशेष झाली.

१९२३ मध्ये एका विश्वस्त संस्थेने ते घर विकत घेतले. १९३९ ते १९४१ या काळात फुलबाग पुन्हा उभारण्यात आली. जेफरसन यांच्या रेखाटनात हिरवळीभोवती एक वळणदार वाट होती. प्रत्यक्षात ती गवताखाली लोपली होती. तेव्हा रात्री मोटारींच्या दिव्यांचा झोत हिरवळीवर टाकण्यात आला. त्या तिरप्या उजेडात जुन्या वाटेचे चढउतार दिसू लागले. पुढे १९७९ पासून भाजीच्या मळ्यात उत्खनन झाले. दगडी भिंतीचे अवशेष, मंडपाचा पाया आणि फाटकाची जागा सापडली. या पुराव्यांच्या आधारे सुमारे १००० फूट लांबीचा मळा पुन्हा फुलला.

पण टेकडीच्या उतारावर एवढी सपाट जमीन तयार केली कोणी? ती केली गुलामांनी. सर्व माणसे समान आहेत, असे १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या जेफरसन यांनी आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसांना गुलाम म्हणून बाळगले. वर्मली ह्यूज हे त्यांपैकीच एक. बागेचे मुख्य माळी. जेफरसन यांची कबरही त्यांनीच खणली. मात्र जानेवारी १८२७ च्या लिलावात ह्यूज यांची पत्नी आणि मुले विकली गेली.

बराच काळ पाहुण्यांना मुख्यतः मालकाचीच कथा सांगितली जाई. १९९३ पासून गुलामांच्या जीवनाची माहिती देणाऱ्या स्वतंत्र फेऱ्या सुरू झाल्या. २०१५ मध्ये मळ्याच्या वरच्या बाजूस गुलामांची एक झोपडी पुन्हा बांधण्यात आली. आता मळ्यातील हिरव्या रांगा पाहताना त्यामागचे हातही आठवतात. बागेची केवळ शोभा जपली आणि तेथे राबणाऱ्यांना विसरलो, तर ते जतन अपुरेच राहते.

शब्दार्थ
वठणे – झाड वाळून निर्जीव होणे
नामशेष – केवळ नाव उरलेले, नष्ट झालेले
उत्खनन – जुने अवशेष शोधण्यासाठी केलेले खोदकाम

पाठगत प्रश्न
१. वास्तूचे जतन आणि बागेचे जतन यांत कोणता फरक आहे?
२. लोपलेली वाट कशी सापडली?
३. तुमच्या परिसरातील एखाद्या जुन्या बागेची माहिती मिळवा. ती कोणाच्या श्रमातून उभी राहिली, याविषयी आठ-दहा ओळी लिहा.