भाच्याला: इमेजमध्ये ब्राउझर घालण्याआधी

बाळ, दुकान आता तू सांभाळणार आहेस. मला हे कुणी लिहून दिलं नव्हतं, म्हणून तुला लिहून देतो.

आपल्या अंबरपेठेत मशीन घेऊन कोण येतं ते बघ. सहा नंबरच्या स्टॉपजवळचा झेरॉक्सवाला, गोलनाक्याला शिकवणी घेणारे सर, काचीगुड्याकडची पेन्शन घेणारी मराठी मंडळी, हॉल तिकीट काढायला धावणारी पोरं. यांतलं कुणी प्रोसेसरची चौकशी करत नाही. मशीन चालू केलं की मीसेवाची सरकारी साइट उघडली पाहिजे, डिजिलॉकर उघडलं पाहिजे, बँकेचं पान नीट दिसलं पाहिजे. हे सगळं ब्राउझरच्या भरवशावर चालतं. आणि सिस्टिम टाकायची आयएसओ फाइल, म्हणजे इमेज, जुनी झाली की तिच्यातला ब्राउझरच सगळ्यांत आधी निकामी होतो. फायरफॉक्स आणि क्रोम दोघांच्याही नव्या आवृत्त्या दर काही आठवड्यांनी निघतात. सहा महिन्यांपूर्वीच्या पेनड्राइव्हवरून टाकलेली सिस्टिम पहिल्याच दिवशी कितीतरी सुरक्षा-दुरुस्त्यांनी मागे असते. म्हणून आपण स्वतःची इमेज बनवतो आणि तिच्यात नवा ब्राउझर घालून ठेवतो.

पण एक गोष्ट पक्की धर. इमेजमध्ये नवा ब्राउझर घातला म्हणजे अर्धं काम झालं. तो पुढेही नवा राहील अशी सोय त्याच इमेजमध्ये घालणं हे उरलेलं अर्धं, आणि बहुतेक जण पहिल्या अर्ध्यावरच थांबतात.

इमेज बनवायची ही विद्या आली कुठून, तेही सांगतो. विंडोज एक्सपी २००१ साली आली तेव्हा तिच्यात इंटरनेट एक्सप्लोरर ६ होता. २००८ मध्ये तिसरा सर्व्हिस पॅक आला, तरी सीडीतला ब्राउझर सहाच राहिला. आठवा एक्सप्लोरर २००९ च्या मार्चमध्ये आला. दर वेळी एक्सपी टाकायची, मग सर्व्हिस पॅक, मग ब्राउझर, मग त्याच्या दुरुस्त्या, यात एका मशीनला अख्खी दुपार जायची. म्हणून मूळ सीडीतच सगळं आधी मिसळून ठेवायचं, याला स्लिपस्ट्रीम म्हणायचे. सर्व्हिस पॅक मिसळण्यासाठी मायक्रोसॉफ्टनेच 'इंटिग्रेट' हा स्विच दिलेला होता. बाकी मिसळणीसाठी एनलाइट नावाचा प्रोग्राम सगळे वापरायचे. एनलाइटमध्ये नको ते भाग काढून टाकायचीही सोय होती, आणि लोक हौसेने इतकं काढायचे की पुढे प्रिंटर चालायचा नाही. तेव्हापासूनचा माझा नियम आहे: इमेजमध्ये घाल, पण काढू नकोस. काढलेल्या भागाची गरज कधी लागेल ते आधी कळत नाही.

विंडोज ७ मध्ये खरा अभ्यास झाला. ती २००९ च्या ऑक्टोबरात आठव्या एक्सप्लोररसह आली आणि अकरावा तिच्यासाठी २०१३ च्या नोव्हेंबरात मिळाला. आज ती सिस्टिम कुणाला नेटसाठी द्यायची नाही, का ते पुढे सांगतो. पण क्रम का पाळायचा हे तिच्यावरच शिकता येतं.

विंडोज ७ च्या डीव्हीडीत 'सोर्सेस' फोल्डरमध्ये इन्स्टॉल डॉट विम नावाची फाइल असते. तीच अख्खी सिस्टिम. डिस्म या कमांडने ती एका रिकाम्या फोल्डरवर माउंट करायची, पॅकेज घालायची, आणि 'कमिट' म्हणून बंद करायची. ऐकायला सोपं आहे. पण अकरावा एक्सप्लोरर नुसता घालायला गेलास तर तो बसत नाही. त्याला आधी काही अपडेट लागतात: प्लॅटफॉर्म अपडेट म्हणजे केबी २६७०८३८, चिन्हांच्या फाँटचा केबी २७२९०९४, आणि आणखी काही. यांतला केबी २८३४१४० का लागतो ते लक्षात ठेव. प्लॅटफॉर्म अपडेटनंतर काही मशीन निळ्या पडद्यावर थांबू लागली होती, त्याची ती दुरुस्ती आहे. एका अपडेटने केलेला बिघाड दुसरा अपडेट निस्तरतो, म्हणून यादीतलं एकही गाळायचं नाही. पुढे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपडेटवरच्या डिजिटल सह्यांची पद्धत बदलून शा-२ केली. त्यानंतरचे अपडेट घालायचे तर आधी सर्व्हिसिंग स्टॅकचा केबी ४४९०६२८ आणि सह्यांचा केबी ४४७४४१९ हवेत. म्हणजे क्रम असा: आधी सर्व्हिसिंग स्टॅक, मग सह्यांचा अपडेट, मग एक्सप्लोररच्या पूर्वअटी, मग एक्सप्लोरर, आणि शेवटी त्याचा एकत्रित सुरक्षा अपडेट.

त्याच विममध्ये होम बेसिक, होम प्रीमियम, प्रोफेशनल, अल्टिमेट अशा आवृत्त्या वेगवेगळ्या क्रमांकांनी असतात. एका क्रमांकात घातलेला ब्राउझर दुसऱ्यात आपोआप जात नाही. ३२ बिटच्या इमेजला ३२ बिटचंच पॅकेज लागतं. माउंट केलेल्या फोल्डरची खिडकी उघडी ठेवून कमिट करू नकोस. एखादी फाइल अडकून पडते आणि इमेज अर्धवट राहते. अँटीव्हायरसला तो फोल्डर वगळायला सांग. आणि विम चार जीबीच्या वर गेली की फॅट-३२ पेनड्राइव्हवर मावत नाही. ती फोडून दोन फाइलींत ठेवावी लागते.

विंडोजच्या इमेजमध्ये फायरफॉक्स किंवा क्रोम घालायचा असेल तर वाट वेगळी आहे. ते सिस्टिमचे भाग नाहीत, डिस्मला त्यांचं काही कळत नाही. त्यांचा पूर्ण ऑफलाइन इन्स्टॉलर इमेजमध्ये ठेवायचा आणि सेटअप-कम्प्लीट नावाच्या स्क्रिप्टमधून डेस्कटॉप दिसायच्या आधी गुपचूप बसवायचा. यात एक खाच आहे. कंपनीची ओईएम की वापरली तर ही स्क्रिप्ट विंडोज चालवतच नाही. सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून येणारी जुनी ब्रँडेड मशीन बहुतेक त्याच कीची असतात. तिथे पहिल्या लॉगिनला चालणारी कमांड, इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच देणाऱ्या उत्तर-फाइलमध्ये लिहावी लागते.

आता आजचं. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, तिच्यावर चालणारी शेवटची क्रोम आवृत्ती १०९ आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आपल्याकडे येणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मशीनना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, कारण तिला टीपीएम २.० आणि बराच नवा प्रोसेसर लागतो. मशीनचं अंग मात्र धडधाकट असतं. चार जीबी रॅम आणि एक छोटी एसएसडी घातली की लिनक्सवर ते मशीन अजून काही वर्षं काम देतं. म्हणून तुझी रोजची इमेज लिनक्सचीच असू दे, डेबियन किंवा मिंट. फक्त मशीन ६४ बिटचं आहे ना ते आधी बघ. डेबियन १३ पासून ३२ बिटचा इन्स्टॉलर मिळत नाही.

लिनक्सच्या लाइव्ह आयएसओत सगळी सिस्टिम एका स्क्वॅशएफएस फाइलमध्ये दाबून भरलेली असते. ती रूट होऊनच उलगडायची, नाहीतर फाइलींची मालकी बिघडते. मग क्रूट करून त्या उलगडलेल्या सिस्टिमच्या आत शिरायचं, पॅकेज घालायची, बाहेर येऊन पुन्हा दाबायची आणि आयएसओ बांधायचा. क्युबिक नावाचा प्रोग्राम हे सगळं खिडकीतून करून देतो. सुरुवातीला तोच वापर, पण एकदा तरी हाताने कर, म्हणजे बिघडलं तर कुठे बघायचं ते कळेल.

कुणाला उबुंटूच हवी असेल, तर तिच्यावर हे करताना हमखास फसायला होतं. २२.०४ पासून तिथे फायरफॉक्सचं नेहमीचं पॅकेज नुसतं कवच आहे, आतून ते स्नॅप नावाचं वेगळ्या पद्धतीचं पॅकेज मागवतं. क्रूटमध्ये स्नॅपची सेवा चालू नसते, म्हणून वर सगळं ठीक दिसतं आणि ब्राउझर बसलेला नसतो. उपाय फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या स्वतःच्या एपीटी भांडाराचा. मोझिलाने ते २०२३ मध्ये सुरू केलं. त्याची सही-किल्ली घाल, भांडार जोड, आणि त्याला प्राधान्य १००० दे. हा हजाराचा आकडा गाळलास तर पुढच्या अपडेटला उबुंटूचं कवच-पॅकेज पुन्हा वर येतं, कारण त्याचा आवृत्ती-क्रमांक मुद्दाम मोठा ठेवलेला आहे.

डेबियनवर फायरफॉक्स-ईएसआर आयता मिळतो. त्याची मोठी आवृत्ती साधारण वर्षाने बदलते आणि मधल्या सुरक्षा-दुरुस्त्या डेबियन देत राहतं. झेरॉक्सवाल्याला आणि पेन्शनवाल्या आजोबांना तोच दे. दर महिन्याला बटणांची जागा बदललेली त्यांना नको असते. एखादं नवं संकेतस्थळ ताजी आवृत्तीच मागत असेल, तिथेच मोझिलाचं भांडार.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. डेबियनसारख्या लिनक्समध्ये अनअटेंडेड-अपग्रेड्स नावाची सोय आपोआप अपडेट करते. पण ती फक्त तिच्या यादीतल्या भांडारांकडेच बघते, आणि त्या यादीत मोझिलाचं भांडार नसतं. तू नवा फायरफॉक्स घालतोस, मशीन जातं, डेबियनचे बाकीचे अपडेट येत राहतात, आणि ब्राउझर मात्र ज्या दिवशी दिलास तिथेच राहतो. माणसाला वाटतं सगळं ताजं आहे. म्हणून त्या सोयीच्या सेटिंगमध्ये मोझिलाच्या साइटचं नाव स्वतः लिही, आणि क्रूटमध्येच ड्राय-रन करून फायरफॉक्स तिच्या यादीत येतो का ते डोळ्यांनी बघ. हे तपासल्याशिवाय आयएसओ बांधू नकोस.

मुखपृष्ठ, बुकमार्क, जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन हे सगळं द्यायचं असेल तर ब्राउझर उघडून, सजवून, ते प्रोफाइल इमेजमध्ये कॉपी करू नकोस. तसं केलं तर सगळ्या मशीनवर एकच ओळख आणि एकच कुकीज जातात. फायरफॉक्सला पॉलिसीजची एक जेसन फाइल वाचता येते. ती 'ईटीसी'खालच्या फायरफॉक्सच्या फोल्डरमध्ये ठेव, सगळं तिथून लागू होतं आणि ब्राउझरची मूळ फाइल अस्पर्श राहते. मूळ फाइल बदलणं हा नावाच्या हक्काचाही प्रश्न आहे. याच वादातून डेबियनमध्ये २००६ ते २०१६ फायरफॉक्स 'आइसवीझल' या नावाने मिळायचा. इमेज बंद करण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी कर, पुसून टाकू नकोस. पहिल्या चालूवेळी प्रत्येक मशीन स्वतःचा नवा आयडी बनवतं.

भाषा विसरू नकोस. आपल्या बस्तीत एकाच घरात मराठी बोलतात, तेलुगू वाचतात, शेजारी उर्दू लिहितात. फायरफॉक्सचे मराठी, तेलुगू आणि उर्दू भाषासंच वेगळी पॅकेजं म्हणून मिळतात, तिन्ही घाल. नोटोचे फाँट घाल, नस्तालीकसकट. मराठी टाइप करायला इन्स्क्रिप्टचा कळफलक लावून दे. मग 'क्ष', 'ज्ञ', 'र्‍या' असलेलं एक पान उघड आणि कागदावर छापून बघ. पडद्यावर बरोबर दिसणारी जोडाक्षरं कागदावर फुटलेली मी पाहिली आहेत, आणि झेरॉक्सच्या दुकानात कागदच विकला जातो.

तपासणी आधी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, मग दुकानातल्या सगळ्यांत मरतुकड्या मशीनवर. आणि कुठल्याही जुन्या मशीनला इमेज टाकण्याआधी मदरबोर्डवरची सीआर-२०३२ बॅटरी बदल. ती मेलेली असली की तारीख मागे जाते, प्रमाणपत्रं अमान्य ठरतात, एकही सुरक्षित साइट उघडत नाही, आणि बोल ब्राउझरला लागतो. बॅटरी काही रुपयांची असते.

बाजारात फुकट फिरणाऱ्या 'तयार' विंडोज इमेज दुकानात आणू नकोस. आत कुणी काय घातलंय ते कळत नाही, आणि त्याच मशीनवर आपली माणसं बँकेचा पासवर्ड टाकतात. मूळ आयएसओ कंपनीच्या किंवा डेबियनच्या साइटवरून घे, शा-२५६ चा आकडा जुळव, आणि ती मूळ प्रत कधीही न बदलता जपून ठेव. आपली इमेज दर वेळी त्या मूळ प्रतीपासून नव्याने बांधायची. मागच्या इमेजवर ठिगळ लावत गेलास की वर्षभराने आत काय आहे ते तुलाही सांगता येणार नाही. काय घातलं, कुठल्या क्रमाने, कुठल्या आवृत्तीचं, ते वहीत लिही आणि आयएसओच्या नावात महिना-वर्ष टाक.

आणि मशीन दिल्यावर महिन्याभराने गिऱ्हाइकाकडे एक चक्कर मार. फायरफॉक्सच्या मदत-मेनूत जाऊन आवृत्ती बघ. तू दिलीस तीच असेल तर अपडेट होत नाहीयेत. तिथेच बसून दुरुस्त कर आणि त्याचे पैसे घेऊ नकोस.