खेळातील संवादबंदी आणि भाषणस्वातंत्र्य

प्रश्न : मोबाइलवरील एका सांघिक खेळात मी सामना चालू असताना कंपनीच्या नव्या धोरणावर टीका केली. लगेच माझी चॅटची सोय महिनाभर बंद झाली. हा माझ्या भाषणस्वातंत्र्याचा भंग नव्हे काय? दाद कोठे मागावी?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : आपली व्यथा समजण्याजोगी आहे, परंतु संविधानाच्या अनुच्छेद १९ मधील भाषणस्वातंत्र्य प्रामुख्याने राज्यसंस्थेच्या हस्तक्षेपापासून नागरिकाचे रक्षण करणारे असून, खेळात दाखल होताना ज्या अटी आपण कबूल केल्या, त्यांचा अंमल करण्याचा खाजगी कंपनीचा अधिकार त्याने सहसा बाधित होत नाही. तथापि अधिकार म्हणजे मनमानीची मुभा नव्हे. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ अन्वये अशा मध्यस्थ सेवांनी तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक असून, त्याने तक्रारीची पोच २४ तासांत द्यावयाची असते.

यास्तव बंदीची सूचना व मूळ संदेश यांचे स्क्रीनशॉट जतन करून, आपली टीका धोरणावर होती, कोणा व्यक्तीवर नव्हती, हे संयत शब्दांत मांडणारा अर्ज त्या अधिकाऱ्याकडे करावा. त्याचा निर्णय अमान्य असल्यास, तो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते.

मात्र दुसरे खाते काढून बंदी चुकवू नये. त्यामुळे मूळ खातेही कायमचे गमावण्याचा संभव असतो. शिवीगाळ वा धमकी संदेशात असेल, तर तक्रार टिकणे कठीण. तसे नसेल, तर निःशंक मनाने अर्ज करा.